नळाला कळत नाही, धमनीला कळतं

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

वय ६१. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालो, बरीच वर्षं पर्वती जलकेंद्रात काढली. मुलाने वाढदिवसाला तपासणीचं पॅकेज घेऊन दिलं. त्यात ‘एंडोथेलियल फंक्शन’ नावाची एक तपासणी होती. सकाळी पर्वती उतरून, चहा घेऊन, एप्रिलच्या उन्हात स्कूटरवरून थेट सेंटरला गेलो. दंडातली धमनी सोनोग्राफीने बघितली, कोपराखाली पट्टा बांधून पाच मिनिटं आवळला, सोडला, पुन्हा बघितलं. आधी ४.२ मि.मी., नंतर ४.३७ मि.मी., वाढ ४ टक्के. खाली लाल अक्षरात ‘कमी’. तिथल्या बाई म्हणाल्या, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब झालंय, अँजिओग्राफी लागेल. सहा महिने घ्यायला आर्जिनिनची पावडर दिली.

तीन आठवड्यांनी दुसरीकडे उपाशीपोटी करून घेतली. आधी ४.० मि.मी., नंतर ४.३ मि.मी., वाढ ७.५ टक्के, ‘नॉर्मल’. पट्टा या वेळी दंडावर होता. पावडरचा पहिला डबासुद्धा संपला नव्हता. आयुष्यभर पाइप बघितले. आतून खराब झालेला पाइप तीन आठवड्यांत आपोआप नीट होत नाही. मग खरं कोणतं? अँजिओग्राफी करू का? हिची झोप उडाली आहे.

बाकी तब्येत उत्तम. सडपातळ आहे, वजन ६२, विडी-सिगारेट कधी नाही, चढताना छातीत काही होत नाही. बीपी जरा वर असतं, १४८/९२ वगैरे, आणि तीन महिन्यांची साखर ६.२ आहे, पण गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणून टाळतोय.

– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर

नमस्कार काका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण तुम्ही टक्क्यांबरोबर मिलिमीटरही लिहिलेत. एवढं कुणी लिहीत नाही. लाल अक्षरातला शब्द तेवढा लक्षात राहतो आणि आकडे फाइलमध्ये पडून राहतात. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या मिलिमीटरमध्येच आहे.

पण आधी काकूंना सांगा: या रिपोर्टवरून अँजिओग्राफी करायची नाही. अँजिओग्राफीत रंगद्रव्य सोडून नळीतली मोकळी जागा दिसते. अस्तर काम करतंय की नाही, हे त्या चित्रात दिसतच नाही. तुम्ही रोज पर्वती चढता आणि छातीत दाब येत नाही, धाप लागून मध्येच थांबावं लागत नाही. तुमच्या हृदयाबद्दल त्या लाल शब्दापेक्षा या गोष्टीवर माझा जास्त विश्वास आहे. काकूंनी आज निवांत झोपावं.

आता पाइपाकडे येते. आतून खराब झालेला पाइप आपोआप नीट होत नाही, हे तुमचं म्हणणं बिडाच्या पाइपापुरतं अगदी खरं आहे. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा नळ बांधला, त्यातून पाणी जास्त आलं काय किंवा कमी आलं काय, दगडाला त्याचं काही नव्हतं. धमनीला मात्र ते कळतं. तिच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात, मी त्याला अस्तरच म्हणेन. रक्त या पेशींना घासत पुढे जातं. प्रवाह वाढला की घासणं वाढतं, ते या पेशींना जाणवतं, आणि काही सेकंदांत त्या बाहेरच्या स्नायूच्या थराला निरोप धाडतात: सैल हो, वाट मोठी कर.

हा निरोप कसा सापडला ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण ती गोष्टसुद्धा तुमच्या दोन रिपोर्टांसारखीच आहे. एकच वस्तू, दोन निकाल. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट नावाचे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीचे तुकडे द्रावणात टांगून त्यांच्यावर औषधं टाकून बघत. असेटिलकोलीन हे रसायन शरीरात टोचलं की रक्तवाहिन्या सैलावतात हे माहीत होतं, पण त्यांच्या पट्ट्या मात्र आवळत होत्या. वर्षानुवर्षं. मग एकदा पट्ट्यांऐवजी धमनीच्या गोल चकत्या वापरल्या तेव्हा त्या सैलावल्या. उलगडा झाला तो असा की पट्टी कापताना आतली बाजू कुठेतरी घासली जायची आणि तो एका पेशीचा थर निघून जायचा. ज्याला निव्वळ आच्छादन समजत होते, त्याच्याशिवाय धमनी सैलावत नव्हती. मग त्यांनी अस्तर खरवडलेली पट्टी आणि अस्तर शाबूत असलेली पट्टी एकमेकींना समोरासमोर चिकटवून टांगली. खरवडलेली पट्टीसुद्धा सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरून शेजारच्या पट्टीत जात होतं. हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे सिद्ध व्हायला आणखी सात वर्षं गेली. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. तिच्यातूनही शेवटी हाच वायू बनतो. अस्तराने पाठवायचा निरोप आपण बाहेरून पाठवतो, एवढंच.

तुमच्या हातावर जी तपासणी झाली ती १९९२ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड सेलरमेयर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. तुमच्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्व्ह पाच मिनिटं बंद ठेवायचा आणि एकदम सोडायचा. खालच्या हातातल्या बारीक वाहिन्या तहानलेल्या असतात, त्या एकदम उघडतात, आणि दंडातल्या धमनीतून रक्ताचा लोंढा जातो. तो घासत जाताना अस्तराला कळतं, आणि साधारण पाऊण ते एक मिनिटाने धमनी किंचित रुंदावते. किती रुंदावली त्याची टक्केवारी म्हणजे तुमचा आकडा. किती सुंदर कल्पना आहे! सुई नाही, रंगद्रव्य नाही, हाताला एक पट्टा, आणि अस्तर स्वतःहून उत्तर देतं. त्याआधी हेच बघायला हृदयाच्या धमनीत नळी घालून असेटिलकोलीन सोडावं लागे. १९८६ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी तसं केलं तेव्हा दिसलं की निरोगी धमनी सैलावते आणि चरबीचे थर साचलेली धमनी त्याच औषधाने उलट आवळते.

पण कल्पना सुंदर असली म्हणून आकडा भरवशाचा होतोच असं नाही. आता पेन्सिल घ्या.

दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. पट्टा सोडल्यानंतरचा व्यास पहिल्या दिवशी ४.३७, दुसऱ्या दिवशी ४.३. फरक ०.०७ मि.मी. म्हणजे रुंदावलेली धमनी दोन्ही दिवशी जवळपास तेवढीच होती. फरक पडला तो सुरुवातीला: ४.२ आणि ४.०. पहिल्या दिवशी धमनी आधीच थोडी सैलावलेली होती, म्हणून तिला वाढायला जागा कमी उरली आणि टक्के उतरले. लाल अक्षरात ‘कमी’ छापणाऱ्या यंत्राने एवढं बघितलं नाही. वजाबाकी केली, भागाकार केला, मोकळं झालं.

ती आधीच का सैलावली होती, याचं एक कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही नुकते पर्वती उतरला होतात आणि एप्रिलचं ऊन अंगावर घेऊन आला होतात. व्यायाम आणि उष्णता या दोन्हींनी हाताकडचा प्रवाह वाढतो. शिवाय चहा झालेला. ही तपासणी नीट करायची तर आधी किमान सहा तास उपाशी, चोवीस तास जोराचा व्यायाम नाही, चहा-कॉफी-तंबाखू नाही, मग शांत खोलीत, ठरावीक तापमानाला, पंधरा-वीस मिनिटं आडवं पडून राहायचं, असा तिचा शिरस्ता आहे. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, त्यात तुमची चूक नाही. पॅकेजच्या रांगेत सोनोग्राफी, ईसीजी, डोळे, दात सगळं एका सकाळी उरकायचं असतं. तिथे वीस मिनिटं कोण कुणाला पडू देणार?

दुसरं म्हणजे पट्टा. एकदा कोपराखाली, एकदा दंडावर. दंडावर बांधला की रुंदावणं जास्त येतं, पण त्यातलं सगळं नायट्रिक ऑक्साइडमुळे नसतं. म्हणून अस्तराचीच परीक्षा घ्यायची तर कोपराखालचा पट्टा चांगला समजतात. म्हणजे काका, हे एकाच तपासणीचे दोन निकाल नव्हतेच. दोन वेगळ्या तपासण्या होत्या, आणि त्यांची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणच्या मीटरची वाचनं वजा करणं. तुम्ही ते जलकेंद्रात कुणाला करू दिलं नसतं.

आणि तिसरं, मोजणाराचा हात. काकडी उभी, बरोबर मध्यातून कापली तर फोड रुंद येते. जरा बाजूने कापली तर अरुंद. सोनोग्राफीची रेघ धमनीच्या मध्यातून गेली की बाजूने, यावर व्यास ठरतो. चार मिलिमीटरच्या धमनीत ०.१ मि.मी. चूक झाली की अडीच टक्के इकडचे तिकडे. निरोगी माणसात एकूण वाढच साधारण पाच ते दहा टक्के असते, त्यात अडीच टक्क्यांची चूक! म्हणून या तपासणीच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं की स्वतंत्रपणे करण्याआधी किमान १०० तपासण्या देखरेखीखाली कराव्यात. शिवाय चांगला शिरस्ता असा की प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातावर टेकवायचं उपकरण, हाताने न धरता स्टँडला बसवावा, आणि पट्टा सोडल्यावर एकाच क्षणी फोटो न काढता सलग तीन मिनिटं चित्रीकरण करावं. आम्ही विभागात शिकत होतो तेव्हा एकमेकांच्या हातांवर सराव करायचो. एकाच मैत्रिणीचा आकडा सकाळी नऊ आणि जेवणानंतर पाच आलेला मी स्वतः पाहिला आहे. तो दिवस मला अजून आठवतो, कारण तिला कुणी आजारी म्हणालं नाही. आम्ही फक्त विचारलं, काय जेवलीस?

ते खरंच विचारण्यासारखं आहे. एका जड, तेलकट जेवणानंतर अस्तराचं काम काही तास मंदावतं, हे १९९७ पासून माहीत आहे. मानसिक ताणाने, डिझेलच्या धुराने, दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुरानेही ते मंदावतं. अस्तर दर तासाला बदलतं. तुमचा पाइप तीन आठवड्यांत नीट होत नाही. धमनीचं अस्तर दुपारपर्यंत बिघडतं आणि संध्याकाळी सावरतं. म्हणूनच संशोधनात, शेकडो माणसांची सरासरी काढताना, ही तपासणी फार मोलाची आहे. एका माणसाच्या एका सकाळच्या आकड्यावरून मात्र निदान करायचं नसतं. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं होतं की लक्षणं नसलेल्या माणसाचा धोका ठरवायला ही तपासणी करू नये. बोटांच्या टोकांना टोप्या लावून नाडीची लाट मोजणारं दुसरं यंत्र आहे, तेही कुणी सुचवेल. ते मुख्यतः बारीक वाहिन्यांचं मोजमाप करतं, त्याचा आकडा या आकड्याशी जुळेलच असं नाही. पुन्हा दोन रिपोर्ट आणि पुन्हा तीच झोप उडणार.

एक अपवाद सांगून ठेवते, कारण हे सदर वाचणाऱ्या बायकांना तो लागू शकतो. छातीत खरंच दुखतं, अँजिओग्राफी ‘स्वच्छ’ येते, आणि घरी-दारी ‘मनाचं आहे’ म्हणून बोळवण होते, अशा स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यात हृदयाच्या धमनीत असेटिलकोलीन सोडून अस्तर तपासण्याला अर्थ असतो आणि त्यावरून उपचार बदलतात. ‘ब्लॉक नाही’ म्हणजे ‘आजार नाही’ असं नव्हे. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना असेटिलकोलीनच्या तपासणीचं नाव घेऊन विचारावं.

पावडर बंद करा. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, इथपर्यंत त्या बाईंचं बरोबर आहे. पण पेशीत आर्जिनिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त आधीच असतं. टाकी भरलेली असताना वरून टँकर ओतून नळाला धार वाढत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना सहा महिने आर्जिनिन द्यायचं होतं. धमन्या सुधारल्या नाहीत, आणि आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत एकही नाही. अभ्यास थांबवावा लागला. तुम्हाला अटॅक आलेला नाही, त्यामुळे तो निष्कर्ष तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण ज्याचा फायदा दिसला नाही आणि ज्यावर अशी सावली आहे, ते साठीच्या माणसाला सहा महिने कशासाठी द्यायचं? न उघडलेले डबे परत करा आणि पैसे मागा.

आणि आता तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद. ‘बाकी तब्येत उत्तम’ असं लिहून तुम्ही तिथे दोन आकडे ठेवलेत, १४८/९२ आणि ६.२. काका, ज्या अस्तरासाठी तुम्ही दोन तपासण्या केल्यात, सहा महिन्यांची पावडर घेतलीत, काकूंची झोप घालवलीत, त्याला रोज त्रास देणाऱ्या दोन गोष्टी याच. वाढलेला दाब त्या एका पेशीच्या थरावर दिवसातून लाखभर वेळा आदळतो. वाढलेल्या साखरेने पेशीत असे पदार्थ तयार होतात की निरोपाचा वायू पोचण्याआधीच नष्ट होतो. जलकेंद्रात दाब सतत वर राहिला असता तर तुम्ही पाइपाची जाडी मोजत बसला नसता. आधी दाब उतरवला असता.

सडपातळ असण्याची ग्वाही इथे पुरत नाही, आणि हे पुण्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि चरबी पोटात बाळगतो. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन ६२ असून उपयोग नाही. ६.२ म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठा आहे, आणि तो ओलांडायचा की मागे फिरायचं हे अजून तुमच्या हातात आहे.

बीपीचं यंत्र घरी आणा, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. १३५/८५ च्या वर आली तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि गोळीबद्दल बोला. गोळी सुटत नाही, ही तक्रार मी रोज ऐकते. चष्माही सुटत नाही. पण वजन, मीठ आणि चालणं यांनी दाब उतरला तर गोळी कमी करता येते, काहींची थांबतेही. न घेतलेल्या गोळीने मात्र पक्षाघात झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांचे चेहरेही. म्हणून इतकं आग्रहाने लिहितेय.

पर्वती सोडू नका. लाइपझिगच्या डॉक्टरांनी २००० मध्ये दाखवलं की हृदयविकार असलेल्यांतही चार आठवड्यांच्या नियमित व्यायामाने हृदयाच्या धमन्यांचं अस्तर सुधारतं. पावडरने जे जमलं नाही ते पायऱ्यांनी होतं. जेवणात पालक, माठ, मुळा, बीट येऊ द्या. त्यातल्या नायट्रेटपासूनही शरीर हाच वायू बनवतं, आणि पहिलं पाऊल तोंडातले जंतू उचलतात, म्हणून जंतुनाशक माउथवॉशने रोज गुळण्या करण्याची सवय असेल तर ती सोडा. लोणचं, पापड, फरसाण हे मात्र हात आखडून. मीठ तिथेच लपतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी लिहिते, कारण आपल्याकडे पुरुष ती डॉक्टरलाही सांगत नाहीत. लैंगिक ताठरतेची अडचण सुरू झाली असेल तर ती लपवू नका. त्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अस्तर बिघडलं की तिथे ते कधी कधी काही वर्षं आधी कळतं. आणि त्यासाठी कुणी गोळ्या घेत असेल तर हातावरच्या या तपासणीआधी ते सांगितलंच पाहिजे, कारण तिच्या दुसऱ्या टप्प्यात कधी कधी जिभेखाली नायट्रेट देतात. दोन्ही एकत्र आले की दाब धोकादायक उतरतो.

चढताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, यातलं काही कधी जाणवलं तर पायरीवरच बसा आणि तिथून सरळ रुग्णालयात जा. तोवर सात दिवसांची बीपीची वही भरा आणि डॉक्टरांना दाखवायच्या आधी आकडे मलाही पाठवा, तारखेसकट आणि वेळेसकट, जसे मिलिमीटर पाठवलेत तसे.